दिवा खरोखरच मंद होत होता

‘गॅसलायटिंग’, म्हणजे माणसाला स्वतःच्याच डोळ्याकानांवर शंका घ्यायला लावणं. या शब्दावरून सध्या घराघरांत जो वाद चालतो, तो दोन्ही बाजूंनी फार वाईट तऱ्हेने घातला जातो. एका बाजूला विशी-तिशीतली मुलं-मुली आहेत. मित्र ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणाला, साहेबाने बढतीचा दिलेला शब्द फिरवला, आई ‘तुला लहानपणी कधी हात लावला नाही’ म्हणाली, की त्यांच्या तोंडून हाच शब्द निघतो. दुसऱ्या बाजूला त्यांचे आईवडील, काका, मावश्या. त्यांच्या मते हे सगळं मोबाइलवरून घरात शिरलेलं खूळ आहे. आमच्या वेळी याला भांडण म्हणायचे आणि रात्री जेवायला एकत्र बसायचे. पहिल्यांना वाटतं, मोठी माणसं छळाला पाठीशी घालतात. दुसऱ्यांना वाटतं, पोरांना साधा मतभेदही सोसत नाही. या रस्सीखेचीत, ज्या माणसाला या शब्दाची खरी गरज आहे ते माणूसच विसरलं जातं.

माझी भूमिका आधीच सांगते. हा शब्द आपल्याला हवा आहे, आणि हवा आहे म्हणूनच त्याची हद्द आखून घ्यायला हवी. ती हद्द खोटं किती मोठं होतं यावरून ठरत नाही. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, यावरून तर मुळीच ठरवता येत नाही. पाहायचं ते हे, की एखाद्या माणसाचा स्वतःच्या डोळ्याकानांवरचा भरवसा पुन्हा पुन्हा खच्ची केला गेला का. ते करणाऱ्याच्या हाती त्या माणसापेक्षा जास्त सत्ता होती का. आणि ‘हो, मलाही तसंच दिसलं’ असं म्हणू शकणारी माणसं त्याच्यापासून तोडली गेली का. माझ्या दृष्टीने यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

हा प्रश्न मी बाहेरून आणलेला नाही. शब्द जिथून आला, त्या कथेतच तो आहे. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या रिचमंडमध्ये पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. १९४० साली त्यावर ब्रिटनमध्ये एक चित्रपट निघाला आणि १९४४ साली जॉर्ज क्यूकर यांनी हॉलिवूडमध्ये दुसरा काढला. त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. काळ एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा. नवरा घरातल्या वस्तू स्वतः लपवतो आणि त्या बायकोनेच हरवल्या असं तिला पटवत राहतो, तिच्या डोक्यावर परिणाम होत चाललाय असं सुचवत राहतो. रोज संध्याकाळी तो घराबाहेर पडतो, आणि थोड्या वेळाने खोलीतला गॅसचा दिवा आपोआप मंद होतो. आता सर्वत्र सांगितलं जातं, की नवरा बायकोला वेड लावण्यासाठी दिवा कमीजास्त करायचा. मूळ नाटकात तसं नाही. नवरा गुपचूप वरच्या बंद मजल्यावर जाऊन तिथला दिवा लावतो, कारण त्याला तिथे दडलेले रत्नजडित दागिने शोधायचे असतात. एका नळावर दुसरी ज्योत पेटली की पहिलीचा दाब कमी होतो, म्हणून खालचा दिवा उतरतो. म्हणजे दिवा हे नवऱ्याचं हत्यार नव्हतंच. त्याच्या लबाडीचा, त्याच्या नकळत मागे राहिलेला, तो पुरावा होता. आणि बायकोने तो बरोबर ओळखला होता! वर कुणीतरी आहे हे तिला कळलं होतं. ते स्वतःशी कबूल करायचं धैर्य तेवढं उरलं नव्हतं. तिची सुटका होते ती म्हातारा डिटेक्टिव्ह घरी येतो, दिवा त्याच्यासमोर मंद होतो आणि त्यालाही ते दिसतं, तेव्हा. दुसरा साक्षीदार मिळाल्याबरोबर सारा खेळ कोसळतो.

पुढे या नावाचं क्रियापद झालं. १९६९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या डॉक्टरांनी ‘गॅस-लाइट’चं नाव देऊन अशा घटना नोंदवल्या, ज्यांत घरच्यांनी कट करून शहाण्या माणसाला मनोरुग्णालयात पोचवलं होतं. मग काही दशकं हा शब्द मानसोपचारवाल्यांच्या आणि स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या वर्तुळात राहिला. २०१६ नंतर तो अमेरिकी राजकारणात उतरला, आणि २०२२ साली मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्या वर्षी शब्दकोशात त्याचा शोध १७४० टक्क्यांनी वाढला होता. ही निवड जाहीर करताना त्यांनी जो रुळलेला अर्थ पुढे ठेवला, तो साधारण असा: एखाद्याची, विशेषतः स्वतःच्या फायद्यासाठी, घोर दिशाभूल करणं. इथेच मला अडचण दिसते. घोर दिशाभूल तर चिट फंडवालाही करतो, बनावट बियाणं विकणाराही करतो. फसलेला शेतकरी त्या दुकानदाराला शिव्या देतो, कोर्टात खेचतो. ‘मला गहू आणि बाजरीतला फरक कळेनासा झालाय’ असं त्याला वाटत नाही.

टोपी घालणं, शेंडी लावणं, डोळ्यांत धूळ फेकणं, हातोहात गंडवणं. फसवणुकीचे असे कितीतरी प्रकार आपण ओळखतो. धूळ फेकली की दिसत नाही, पण धूळ झटकली की पुन्हा दिसतं. डोळे शाबूत असतात. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात डोळ्यांवरचा विश्वासच जातो. हेही आपल्याला नवं नाही. पंचतंत्रातली ब्राह्मणाची आणि तीन ठगांची गोष्ट शाळेत जाण्याआधीच आपण ऐकलेली असते. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन निघालाय. पहिला ठग म्हणतो, महाराज, खांद्यावर कुत्रा का घेतलात? थोड्या अंतरावर दुसरा म्हणतो, मेलेलं वासरू का नेताय? तिसरा म्हणतो, गाढव! ब्राह्मण शेवटी घाबरून बोकड टाकून देतो. लहानपणी आपण हसलो आणि ब्राह्मणाला भोळा ठरवलं. पण गोष्ट नीट पाहा. तिघांचं एकमेकांशीही जुळत नाही! कुत्रा, वासरू, गाढव यांपैकी काही एक ब्राह्मणाला पटवून देण्याची त्यांना गरजच नव्हती. त्याचे स्वतःचे डोळे खोटे आहेत एवढंच पटवायचं होतं. आणि ते जमलं, कारण रस्ता निर्जन होता. त्या वाटेवर एक गुराखी भेटला असता आणि ‘बोकड झक्कास आहे’ म्हणाला असता, तर ठग उपाशी राहिले असते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यांतला पहिला, भाषेचा, मला मान्य करावा लागतो. शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. ते वापराने रुंदावतात, अरुंद होतात, आणि शब्दकोशाचं काम चौकीदारी करण्याचं नाही, नोंद करण्याचं आहे. मेरियम-वेबस्टरने लोक बोलतात ते नोंदवलं; त्यात त्यांचा दोष नाही. अर्थ आकसून धरण्यात एक धोकाही आहे. व्याख्या जितकी कडक, तितकं पीडित माणसाला ‘तुझं प्रकरण यात बसत नाही’ असं सांगून परत पाठवणं सोपं. हुंड्याच्या छळाबाबत आपण हे पाहिलंय. अंगावर वळ नाहीत म्हणून किती जणींना चौकीतून घरी धाडलं असेल! तरीही मी हद्द आखण्याच्या बाजूने आहे, आणि कारण व्यवहाराचं आहे. जो शब्द प्रत्येक खोट्याला लागू होतो, तो ऐकून कुणी दचकत नाही. वर्षानुवर्षं वेडी ठरवली गेलेली बाई जेव्हा अखेर हिंमत करून बहिणीला सांगेल की माझ्याबाबतीत हे घडतंय, तेव्हा बहिणीने हा शब्द त्याच आठवड्यात तीनदा ऐकलेला असेल: एकदा पिझ्झा कुणी मागवला यावरून, एकदा परीक्षेच्या तारखेवरून, एकदा चित्रपटाच्या तिकिटांवरून. ती मान डोलावेल आणि विषय बदलेल. शब्द पातळ झाल्याची किंमत तो सैल वापरणारे मोजत नाहीत. ज्यांच्याकडे सांगायला दुसरं काही नसतं, ते मोजतात.

दुसरा मुद्दा याहून बळकट आहे: माणसाची आठवण मुळातच कच्ची असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींवर ‘आदळून चुराडा’ झाला तेव्हा किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना काच ‘आठवली’. लागल्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका शब्दाने स्मृती इतकी हलत असेल, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवाळीत सासूबाई नेमकं काय म्हणाल्या यावर दोन प्रामाणिक माणसांचं एकमत का व्हावं? आई ‘मी तुला कधी मारलं नाही’ म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. तिच्या आठवणीतून ते खरंच पुसलेलं असतं, आणि मुलाच्या आठवणीत एका चपराकीच्या दहा झालेल्या असतात. जुनी पिढी इथे बरोबर आहे, आणि तरुणांनी ते ऐकलं पाहिजे. घरातल्या माणसाशी आठवणीवरून भांडण होणं हा छळ नाही.

पण हाच मुद्दा उलटूनही पाहावा लागतो. आठवण कच्ची असते, तर चुका दोघांच्याही व्हायला हव्यात. कधी त्याचं चुकेल, कधी तिचं. ज्या घरात दहा वर्षं प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीची आठवण चुकीची ठरते, तिथे त्याला आठवणीचा कच्चेपणा म्हणायचं का? तिथे कोण चुकणार हे आधीच ठरलेलं आहे. आणि प्रामाणिक मतभेदात माणूस तिसऱ्याला विचारायला तयार असतो: ‘चल, ताईला फोन लाव, ती होती तिथे.’ दुसऱ्या तऱ्हेत ताईला फोन लावायचं नाव काढलं की घरात वादळ उठतं, ‘घरातल्या गोष्टी बाहेर नेतेस’ असा नवा गुन्हा तयार होतो. एवढ्यावरून फरक ओळखता येतो, आणि त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरा आक्षेप हेतूचा. कायद्याची जाण असलेली माणसं म्हणतात, नाटकातला नवरा जाणूनबुजून करत होता. तसा हेतू सिद्ध झाल्याशिवाय इतका गंभीर आरोप कुणावर करू नये. वरवर हे न्याय्य वाटतं. पण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण पाहा, म्हणजे हेतूच्या कसोटीतून काय काय निसटतं ते कळेल.

ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्टाची छोटी केंद्रं कंत्राटावर चालतात. किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानातच पोस्टाची खिडकी, आणि चालवणारे सबपोस्टमास्तर. त्यांत गुजराती आणि पंजाबी कुटुंबं पुष्कळ. १९९९ पासून तिथे ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली गेली, फुजित्सू कंपनीने चालवलेली. प्रणालीतल्या दोषांमुळे, संध्याकाळी हिशेब बंद करताना पडद्यावर नसलेली तूट दिसू लागली. कधी शंभर पौंड, कधी हजारो. कंत्राटाप्रमाणे तूट सबपोस्टमास्तरने भरायची. लोकांनी नोटा पुन्हा पुन्हा मोजल्या, रात्र रात्र पावत्या तपासल्या, घरातली बचत घातली, नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतवाहिनीवर फोन केला की अनेकांना एकच उत्तर मिळे: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. त्यांतले सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले होते. भारतीय वंशाच्या एका गर्भवती सबपोस्टमास्तर बाईंना २०१० साली तुरुंगात जावं लागलं. काहींनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली, काहींची घरं गेली. सार्वजनिक चौकशीच्या २०२५ च्या अहवालाने किमान १३ जणांच्या आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असं म्हटलं.

आता हेतू कुणाचा शोधायचा? मदतवाहिनीवर बसलेली मुलगी समोरचा कागद वाचत होती. ऑडिटर संगणकाच्या आकड्यावर विश्वास ठेवत होता. वरच्या पातळीवर दोषांची माहिती होती आणि ती दडपली गेली, हे पुढे उघड झालं. पण खालच्या शेकडो कर्मचाऱ्यांना ते ठाऊकही नसेल. तरीही गल्ल्यासमोर एकट्या बसलेल्या माणसाच्या मनात जे घडलं, ते नाटकातल्या बायकोच्या मनात घडलं त्याहून वेगळं होतं का? ‘मीच कुठेतरी चुकतोय’ हे त्याला पटवलं गेलं, ते ‘फक्त तुम्हालाच’ या एका वाक्याने. मृत्यू झाला का आणि तो खून होता की सदोष मनुष्यवध, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कायदा जाणतो. तसंच इथेही: हेतूवरून शिक्षा ठरेल, दोषाचं माप ठरेल. घडलं की नाही, हे ज्याच्यावर घडलं त्याच्या बाजूनेच पाहावं लागेल.

आणि त्यांची सुटका कशी झाली? २००९ च्या मे महिन्यात ‘कंप्युटर वीकली’ने सात जणांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉरिकशर परगण्यातल्या फेनी कॉम्प्टन या खेड्याच्या सभागृहात वेगवेगळ्या गावांचे सबपोस्टमास्तर जमले. लँडुड्नो गावचे ॲलन बेट्स त्यांना एकत्र आणणाऱ्यांत पुढे होते. त्यांचं स्वतःचं कंत्राट २००३ सालीच गेलं होतं. ‘फक्त तुम्हालाच’ हे खोटं त्या दिवशी संपलं, कारण एकाच खोलीत तीच गोष्ट सांगणारी कितीतरी तोंडं होती. पुढे ५५५ जण एकत्र कोर्टात गेले. २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी पोस्ट ऑफिसचा पवित्रा म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असं म्हणत राहण्यासारखं आहे, अशा शब्दांत झाडलं. २०२४ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यात ना कुणी मानसोपचार केला, ना कुणी कुणाचा आत्मविश्वास वाढवला. साक्षीदारांना साक्षीदार भेटले, एवढंच झालं.

‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ या आक्षेपाकडे आता वळते. नव्हतं कसं? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या १८५१ च्या कायद्यात विवाहित स्त्रीला, नवऱ्याने मागणी केली आणि इस्पितळाच्या अधीक्षकाने मानलं की, इतरांच्या बाबतीत लागणाऱ्या पुराव्याशिवाय वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत होतं. एलिझाबेथ पॅकर्ड या बाईंचे पती धर्मोपदेशक होते. बाईंची धर्ममतं त्यांच्याहून वेगळी होती आणि त्या ती चारचौघांत मांडत. १८६० साली नवऱ्याने त्यांना जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात टाकलं. तीन वर्षांनी त्या सुटल्या, तर त्याने घरातच कोंडलं. खिडकी खिळे ठोकून बंद केली. बाईंनी कशीबशी एक चिठ्ठी बाहेर पोचवली, मैत्रिणीने न्यायाधीश गाठला, आणि १८६४ च्या जानेवारीत कँककी गावी खटला उभा राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन सांगितलं, बाई शहाण्या आहेत, आम्ही त्यांना रोज पाहतो. ज्यूरीने सात मिनिटांत निकाल दिला: शहाणी. साडेतीन वर्षं जे सिद्ध होत नव्हतं, ते शेजाऱ्यांना बोलू दिल्याबरोबर सात मिनिटांत सिद्ध झालं. पुढे याच बाईंच्या चळवळीमुळे इलिनॉयने १८६७ साली कायदा बदलला.

याच्याही पुढे शंभर वर्षांनी, १९७२ च्या जूनमध्ये, मार्था मिचेल या बाई कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात अडकल्या होत्या. त्यांचे पती जॉन मिचेल म्हणजे माजी ॲटर्नी जनरल आणि अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीचे प्रमुख. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयातली, निक्सन यांच्याच माणसांनी केलेली घरफोडी नुकतीच उघड झाली होती. बाईंनी हेलन थॉमस या पत्रकाराला फोन लावला. बोलणं चालू असताना रक्षकाने फोनची तार उपटली, पुढे त्यांना जबरदस्तीने गुंगीचं इंजेक्शन दिलं गेलं. नंतर त्या दारुडी आहेत, डोकं ठिकाणावर नाही, असं पसरवलं गेलं. त्या सांगत होत्या त्यातलं बरंचसं खरं निघालं, आणि घरफोडीतले एक आरोपी जेम्स मॅकॉर्ड यांनी १९७५ साली त्यांच्या कोंडून ठेवण्याच्या हकिकतीला दुजोरा दिला. दरम्यान संसार मोडला होता. १९७६ साली बाई वारल्या. फोनची तार उपटणं म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

आपल्याकडे पाहिलं तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं मानसिक असंतुलन हे घटस्फोटाचं कारण आहे. त्याची गरज असलेली प्रकरणं असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नको झालेल्या बायकोवर वेडेपणाचा शिक्का मारायला तीच वाट सोयीची होती, हेही कोर्टात वावरणारे सगळे जाणतात. १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचं अपील फेटाळताना सांगितलं, की स्किझोफ्रेनियाचं नाव घेतलं म्हणजे झालं असं नाही. आजाराची तीव्रता पाहावी लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला असंतुलित मनाचं ठरवता येणार नाही. हे कायदे ‘गॅसलायटिंग’ शब्द न वापरता त्याच दुखण्यावर बोट ठेवतात. आणि दुखणं फक्त बायकांचं नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावरचं नाव बदलायची वेळ आली की ‘बाबांना आता काही आठवत नाही’ हे वाक्य किती घरांत अचानक ऐकू येऊ लागतं! बाबांचे जुने मित्र भेटायला आले तर ‘ते झोपलेत’ म्हणून दारातून परत पाठवले जातात. यातल्या पहिल्या वाक्याइतकंच दुसऱ्याकडेही लक्ष द्यायला हवं.

राजकारणातला वापर मात्र मला जवळजवळ पूर्ण अमान्य आहे. मंत्र्याने काल कॅमेऱ्यासमोर बोललेलं आज नाकारलं, तर ते खोटं आहे, निर्लज्ज आहे. आपण ते वर्तमानपत्रात वाचतो, व्हिडिओ पुन्हा लावतो, शेजाऱ्याशी बोलतो. साक्षीदार जागेवर आहेत. सोव्हिएत रशियात ते जागेवर नव्हते. तिथे सरकारवर टीका करणाऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञ स्नेझ्नेव्स्की यांच्या पंथाचे डॉक्टर ‘संथगती स्किझोफ्रेनिया’चं निदान देऊन कोंडत. जनरल ग्रिगोरेन्को यांना असंच वेडं ठरवलं गेलं. १९७९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा आजाराची खूण सापडली नाही. तिथे हा शब्द वापरा. रोजच्या थापांसाठी ‘थाप’ पुरेसा आहे आणि तो जास्त झोंबतो.

आणि एक गोष्ट तरुण वाचकांना कळकळीने सांगायची आहे. हा शब्द आता हत्यार म्हणूनही वापरला जातो. नात्यात ज्याला मानसशास्त्राची भाषा जास्त येते, तो आधी म्हणतो, ‘तू मला गॅसलाइट करतेयस’, आणि समोरचीला आपली बाजू मांडायचीच चोरी होते. तिला जे आठवतं ते सांगणं हाच गुन्हा ठरतो. मग ती स्वतःला विचारू लागते, मी खरंच तशी आहे का? म्हणजे ज्या दुखण्याला नाव द्यायला हा शब्द आला, तेच दुखणं त्या नावाने दिलं जातं. आरोप कुणी आधी केला यावरून यात काही ठरत नाही. दोघांपैकी तिसऱ्या माणसाला मध्ये येऊ द्यायला कोण तयार आहे आणि कोण नाही, हे पाहा.

राहता राहिला उपाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या गंभीर गुन्हे कायद्याने जवळच्या नात्यात पुन्हा पुन्हा केलेलं नियंत्रण आणि जबरदस्ती हा गुन्हा ठरवला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्यात हा शब्द नाही, पण ‘पुन्हा पुन्हा’ ही अट आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. २०२२ साली तिथल्या हायकोर्टाच्या कौटुंबिक विभागात, जोडीदाराने आपल्याला मानसिक आजार असल्याचं खोटंच पटवत नेलं अशी एका आईची तक्रार होती. त्या वर्तनासाठी न्यायमूर्ती कॉब यांनी हा शब्द योग्य मानला. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचा समावेश आहे. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या नमुन्यात चारित्र्यावर शिंतोडे, हुंड्यावरून अपमान, मुलगा नाही म्हणून टोमणे, घराबाहेर पडायला बंदी, असे रकाने आहेत. त्यातच एक आहे: एखाद्या विशिष्ट व्यक्तीला भेटायला मनाई. तक्रार लिहून घेताना हा रकाना बहुधा घाईत ओलांडला जातो, कारण मारहाणीपुढे तो किरकोळ वाटतो. तिथे थांबून आणखी दोन प्रश्न विचारता येतील: घरात घडलेलं घडलंच नाही असं सांगून तुम्हाला वेडी ठरवतात का, आणि तुमच्या बाजूने बोलेल अशा कुणाला तुम्ही शेवटचं कधी भेटलात? त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. नमुन्यात ‘इतर कोणताही शाब्दिक वा भावनिक छळ’ अशी जागा आजही मोकळी आहे. उत्तर तिथे लिहिता येतं, आणि ज्या व्यक्तीचं नाव ती बाई घेईल तिला त्याच दिवशी फोन लावता येतो.